कुलाब्याची भरणी

कार्तिकी अमावास्येची आदली रात्र होती. तारीख २६ नोव्हेंबर २००८, वार बुधवार. दूर कटकला भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना चालू होता, आणि कुलाब्याच्या पश्चिम अंगाला, बधवार पार्कच्या पलीकडे समुद्राला टेकून वसलेल्या मच्छीमार नगरात घराघरांतून दूरचित्रवाणीचा निळसर उजेड बोळांत सांडला होता. साडेआठच्या सुमारास दहाजणांना घेऊन एक रबरी होडी किनाऱ्याला लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेले आठजण उतरले. उरलेले दोघे होडी तशीच पुढे नरिमन पॉइंटच्या रोखाने घेऊन गेले. किनाऱ्यावर जी तुरळक माणसे होती त्यांनी या परक्यांना हटकले. कोण तुम्ही, कुठून आलात, असे विचारले. उत्तर मिळाले ते उडवाउडवीचे आणि उर्मट. विचारणाऱ्यांच्या मनात शंका राहिली ती राहिलीच, आणि तासाभरात शहराच्या दक्षिण टोकावर गोळ्यांचा आवाज सुरू झाला.

पुढच्या साठेक तासांत काय घडले ते साऱ्या जगाने पाहिले. १६६ माणसे प्राणास मुकली, शेकडो जखमी झाली. त्या तासांवर चित्रपट निघाले, पुस्तके निघाली, चौकशी समिती बसली, अकरा हजारांहून अधिक पृष्ठांचे आरोपपत्र दाखल झाले. त्याची उजळणी करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. मला वाटते ते असे की त्या साठ तासांनी माणसे तर नेलीच, पण एक सबंध वस्तीही गिळून टाकली: कुलाबा म्हटले की आता परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ताज हॉटेलच्या घुमटाखालून निघणारा धूर येतो, आणि त्या धुराच्या अलीकडे पावणेदोनशे वर्षे जी वस्ती नाना देशांच्या, नाना भाषांच्या माणसांनी गाडीगाडीने माती टाकून उभी केली ती दिसेनाशी होते. त्या वस्तीचे दप्तर थोडे उलगडून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

नावापासूनच सुरुवात करू. कुलाबा हे नाव कोळ्यांवरून, 'कोळभात'वरून आले असे काहीजण सांगतात. समुद्रात जिभेसारख्या शिरलेल्या जमिनीला अरबीत जो शब्द आहे त्यावरून ते आले असे दुसरे म्हणतात. त्याच्या शेजारचे बेट म्हणजे धाकटा कुलाबा. त्याला इंग्रज 'म्हातारीचे बेट' म्हणत, आणि ती म्हातारी म्हणजे वास्तविक 'अल-ओमानी' या शब्दाचा अपभ्रंश, ओमानच्या आखातापर्यंत मासेमारीस जाणाऱ्या दर्यावर्दी लोकांवरून पडलेले नाव, असाही एक तर्क आहे. या व्युत्पत्त्यांपैकी खरी कोणती याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. मला त्यातली मौज निराळीच वाटते. जिथे पाऊल ठेवायला धड जमीनही नव्हती तिथे नावावर कोळ्यांचा आणि अरबांचा असा दुहेरी दावा आधीच दाखल झालेला होता.

१६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या निमित्ताने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या स्वाधीन झाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही बेटे त्यानंतरही दीर्घकाळ मुंबईपासून पाण्याने तुटलेलीच होती. ओहोटी असेल तर चालत जावे, भरती असेल तर होडी करावी, आणि वेळेचा अंदाज चुकला तर जीव गमवावा असा प्रकार होता. १८३८ साली बांध घालून ही बेटे मुंबईला जोडण्यात आली. आजही कुलाब्याच्या हमरस्त्याला लोक 'कॉजवे' म्हणजे बांधच म्हणतात. महापालिकेच्या दप्तरी तो शहीद भगतसिंग मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितले तर तो क्षणभर आरशातून आपल्याकडे पाहतो.

बांध झाला आणि कापूस आला. गुजरात-खानदेशातल्या गाठी कुलाब्याच्या मोकळ्या मैदानात उतरू लागल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला जेव्हा सोन्याचा भाव आला तेव्हा भाटिये, मारवाडी, पारशी, ग्रीक आणि इंग्रज दलाल इथे एकाच उन्हात उभे राहून बोटांच्या खुणांनी सौदे करीत. पुढे कापसाचा बाजार शिवडीला गेला. माणसे सगळीच गेली नाहीत. १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक कुलाब्याहून पायधुणीला जाणारा होता, म्हणजे शहराचे हे गोरे टोक आणि ते काळे पोट काही आण्यांच्या भाड्याने एकमेकांना बांधले गेले. त्या ट्रामचीच एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. कुलाब्याला १८२६ साली स्थापन झालेली वेधशाळा होती, आणि तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी अखंड ठेवल्या जात होत्या. विजेची ट्राम येणार असे ठरले, त्या विजेने सुया बिथरणार हे उघड झाले, आणि १९०४ साली ते चुंबकीय काम खाडीपलीकडे अलिबागला हलवले गेले. अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच, आणि तो जिल्हाही १९८१ साली रायगड होईपर्यंत कुलाबा जिल्हाच. तेव्हा वेधशाळा कुलाब्यातून उठून कुलाब्यातच गेली असे म्हणायला हरकत नाही.

या दोन कुलाब्यांमधल्या पाण्यावरून आणखी एक समाज ये-जा करीत आला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी गलबत फुटून जे थोडे लोक वाचले ते आपले पूर्वज, अशी कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. हे लोक घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी. त्यांच्या बायका लुगडे नेसत. त्यांची कीर्तने मराठीत होत, फक्त आख्यान अब्राहामाचे किंवा योसेफाचे असे. मुंबईत येऊन त्यांच्यातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मशीद बंदराकडे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आज या समाजातले बहुतेक लोक इस्राएलात आहेत, आणि तिथून ते 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढत आले आहेत. ज्यू म्हणून आपल्याला या देशात कधी कोणी वाकडा शब्द बोलले नाही, असे या समाजातली जुनी माणसे अभिमानाने सांगत आली. ते विधान २००८ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांना निःशंकपणे करता येत होते.

कुलाब्याचे ज्यू मात्र या कोकणी ज्यूंहून निराळे, बगदादहून आलेले. दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून बगदाद सोडून निघाले आणि १८३० नंतरच्या काही वर्षांत मुंबईला स्थिरावले. पुण्याचे ससून रुग्णालय आणि लष्करातले लाल देऊळ यांमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्यांच्या घराण्याने समुद्रात भरणी घालून १८७५ साली कुलाब्याला जी गोदी बांधली ती पश्चिम हिंदुस्थानातली पहिली बंदिस्त गोदी. चारच वर्षांनी ती पोर्ट ट्रस्टकडे गेली, कापसाच्या गाठी दुसरीकडे वळल्या, आणि बगदादी सावकाराच्या या गोदीचा ताबा हळूहळू कोळ्यांनी घेतला.

ससून गोदी पाहायची तर पहाटे पाचला जावे. मी गेलो त्या दिवशी रात्रभराचा पाऊस नुकताच थांबला होता. फरसबंदीवर पाणी, माशांचे खवले आणि बर्फाचा चुरा यांचा राडा झालेला. धक्क्याला एकीला एक चिकटून लागलेल्या ट्रॉलरांवरून खलाशी टोपल्या वर फेकत होते, खालचा माणूस ती न पाहताच झेलत होता. लिलावाचा गलबला पाच मिनिटांत एका ढिगावर होई आणि पाच मिनिटांत दुसऱ्यावर सरके. काष्टा घातलेली, कपाळावर आडवे कुंकू लावलेली एक धिप्पाड बाई बोटे उडवून शेवटचा आकडा पुकारी आणि मग त्यावर कोणाची छाती नसे. आत शेडमध्ये भिंतीला पाठ लावून पन्नासेक बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांत कोळणी थोड्या. बाकीच्या आंध्राच्या, कर्नाटकाच्या, कोणी बंगालच्या. हात बर्फाने पांढरे पडलेले. त्यांची आपापसातली बोली कुठल्याही व्याकरणात सापडणार नाही, पण 'म्हावरं' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

गोदीपासून उत्तरेला चालू लागले की कॉजवेवर दर शंभर पावलांवर मुलूख बदलतो. आधी खुसरो बाग लागते. वाडिया घराण्याच्या दानातून १९३४ च्या सुमारास उभी राहिलेली ही पारशी वसाहत, आत अग्यारी, अंगणात संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलेले वृद्ध. तिच्या आसपास फाळणीनंतर कराची सोडून आलेल्या सिंध्यांची खाद्यगृहे, ऐंशी-नव्वदच्या दशकांत खोऱ्यातून आलेल्या काश्मिरी शालवाल्यांची दुकाने, आणि आर्थर बंदराकडे वळले की अत्तरांचा वास. आखाती देशांतले अरब पाहुणे दर पावसाळ्यात सहकुटुंब इथे येऊन राहतात, आणि आपण ज्या पावसाला कंटाळतो त्यात ते हौसेने भिजतात. रीगल चित्रगृह १९३३ चे. त्याच्यासमोरच्या भागात इराण्यांचे कॅफे, त्यांतल्या एकाच्या भिंतींवर गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रे. मिरांडा स्वतः कुलाब्याचेच रहिवासी होते. आणि ताज. ताजच्या इमारतीचे पहिले नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, पुढे ते काम चेंबर्स नावाच्या इंग्रजाने पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. पारशी मालक, मराठी वास्तुकार, इंग्रज शेवट. कुलाब्यात याला कोणी अपूर्वाई समजत नाही.

या सरमिसळीचे जे गोडवे गायले जातात त्यांविषयी मी थोडा साशंक आहे. कुलाब्यातले लोक एकमेकांवर अपार प्रेम करत म्हणून शेजारी राहिले असे दप्तर सांगत नाही. ते शेजारी राहिले ते जमीन थोडी होती म्हणून, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे एकदा मिळालेली पागडीची जागा सोडणे मूर्खपणाचे होते म्हणून, आणि प्रत्येकाच्या धंद्याला दुसऱ्याचे गिऱ्हाईक लागत होते म्हणून. पारशी बागेत पारशीच राहतात, कोळीवाड्यात कोळी. पण पाव इराण्याचा, मासळी कोळणीची, शिंपी मुसलमान, दाईबाई ख्रिस्ती, आणि नळ फुटला की सगळ्यांचा प्लंबर एकच. समुद्रात भरणी घालताना पहिल्यांदा दगड टाकतात, मग मुरूम, मग कचरासुद्धा. वर्षानुवर्षे ते सगळे आपल्या वजनाने दबत जाते आणि मग एक दिवस त्यावर घर बांधता येते. इथले शेजारपण त्या जातीचे होते. स्वार्थाने घातलेले, आणि म्हणूनच टिकाऊ.

लिओपोल्ड कॅफे १८७१ सालचा. इराण्यांनी तो प्रथम तेलाच्या घाऊक दुकानाच्या रूपात काढला, खाण्यापिण्याची जागा नंतर झाला. २६ नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊनंतर तिथे पहिल्या गोळ्या सुटल्या. टेबलांवर परदेशी प्रवासी होते, वरच्या मजल्यावर लोक सामना पाहत होते, वाढप्ये फिरत होते. मारेकरी तिथून मागच्या गल्लीतून ताजकडे गेले. चार दिवसांत लिओपोल्डने दार पुन्हा उघडले. भिंतीतली आणि काचेतली गोळ्यांची भोके मालकांनी बुजवली नाहीत. आज त्या भोकाशेजारी बोट ठेवून लोक छायाचित्र काढून घेतात, आणि गल्ल्यापाशी त्या कॅफेचे नाव छापलेले पेले विकत मिळतात. मला हे प्रथम पाहिले तेव्हा किळस आली होती, हे प्रांजळपणे सांगतो. नंतर लक्षात आले की ज्या रस्त्यावर दीडशे वर्षे सगळेच विकले गेले तिथे स्मृतीच तेवढी विकाऊ नसावी ही अपेक्षा कुलाब्याबाहेरच्या माणसाची आहे. शिवाय, ते भोक दुकानदाराने बुजवले असते तर आज ते दाखवायला तरी काय उरले असते?

गल्लीबोळांतून दक्षिणेकडे पाच-सात मिनिटे चालले की हॉर्मसजी स्ट्रीट लागते. गल्ली इतकी चिंचोळी की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून मीठ-साखर द्यावी घ्यावी. या गल्लीत नरिमन हाउस आहे. नाव पारशी, घर ज्यूंचे: न्यूयॉर्कमध्ये मुख्य ठाणे असलेल्या खाबाद या हसिदी पंथाचे केंद्र तिथे एक तरुण रब्बी आणि त्यांची पत्नी चालवीत होती. या पंथाचा आणि कोकणी बेने इस्राएलांचा धर्माचार पुष्कळ वेगळा, पण वाटसरू ज्यूंना तिथे शास्त्रशुद्ध जेवण आणि शुक्रवारची प्रार्थना मिळे. दोन मारेकरी त्या घरात शिरले. गुरुवारी सकाळी घरातली भारतीय ख्रिस्ती दाई जिना चढून वर गेली, आईवडिलांच्या निश्चल देहांजवळ उभे राहून रडणारे त्यांचे मूल तिने उचलले आणि ती बाहेर धावली. त्या मुलाचा दुसरा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. तिच्याबरोबर त्या घरात रात्रभर लपून बसलेला दुसरा नोकर आसामकडचा मुसलमान तरुण होता. पुढे इस्राएलने त्या दाईला आपले सन्मान्य नागरिकत्व दिले.

शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, सकाळी हेलिकॉप्टरमधून दोराने राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान या घराच्या गच्चीवर उतरले. त्या दिवशीचे पंचांग मी मुद्दाम काढून पाहिले. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा; कोकणातली देवदिवाळी. दुपारी जुम्म्याची नमाज. सूर्य बुडाला की ज्यूंचा शब्बाथ. आसपासच्या गल्ल्यांतले लोक दिवसभर दोरीपलीकडे उभे होते, आणि संध्याकाळी कारवाई संपल्यावर त्यांनी जवानांचा जयजयकार केला. आत सहा ज्यू स्त्रीपुरुष मृत होते, आणि गच्चीवर उतरलेल्यांपैकी हवालदार गजेंद्र सिंह परत आला नाही. आजूबाजूच्या इमारतींतही गोळ्यांनी माणसे मेली होती. खिडकीशी आलेली, बाहेर काय चालले आहे ते पाहायला डोकावलेली. त्यांच्यासाठी तेल अवीवहून कोणी विमान पाठवणार नव्हते.

इथे मला स्मरणाच्या हिशेबातली एक तफावत नोंदवली पाहिजे. ताजच्या दिवाणखान्यात तिथे मेलेल्या ३१ जणांची नावे कोरली आहेत, आणि ती रास्तच आहेत; त्यांत पाहुण्यांना वाचवताना स्वतः मेलेले नोकरही आहेत. नरिमन हाउसचे केंद्र २०१४ साली पुन्हा सुरू झाले, वरच्या मजल्यांवर गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तशाच राखल्या, आणि २०१८ च्या जानेवारीत तो मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, आपल्या आजोबांसह येऊन ती खोली पाहून गेला. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचा पुतळा गिरगाव चौपाटीवर उभा आहे. पण सर्वांत जास्त माणसे, अठ्ठावन्न, मेली ती छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर, लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत बोचकी उशाशी घेऊन बसलेली. आणि सर्वांत आधी मेली ती समुद्रात, पोरबंदरच्या 'कुबेर' ट्रॉलरवरचे चार खलाशी आणि त्यांचा तांडेल. कॅमेरा ताजसमोर लागला होता. स्मृतीही तिथेच तंबू ठोकून बसली.

त्याहून मोठे विस्मरण वेगळेच आहे. २५ ऑगस्ट २००३ रोजी, म्हणजे या घटनेच्या पाच वर्षे आधी, दुपारी गेटवेजवळच्या वाहनतळावर, ताजच्या अगदी अंगणात, एका टॅक्सीत स्फोट झाला. त्याच दुपारी झवेरी बाजारात दुसरा. दोन्ही मिळून पन्नासहून अधिक माणसे मेली. गेटवेचा टॅक्सीचालक जेवायला गेला म्हणून वाचला आणि त्याच्याच साक्षीवरून तपास पुढे सरकला. आज गेटवेवर कबुतरांना दाणे विकणाऱ्याला, होडीची तिकिटे फाडणाऱ्याला, छायाचित्रे काढून देणाऱ्याला तो दिवस विचारला तर जुना माणूस असेल तो हाताने जागा दाखवतो. नवा असेल तर तो ताजच्या घुमटाकडे बोट करतो.

मारेकऱ्यांच्या शवांची कथाही कुलाब्याच्या इतिहासाचाच भाग आहे असे मी मानतो, जरी ती मरीन लाइन्सला घडली. नऊ प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात होती. बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जुम्मा मशिदीच्या विश्वस्तांनी त्यांना आपल्या जमिनीत पुरू देण्यास साफ नकार दिला. निरपराधांची हत्या करणारे इस्लामच्या नावाने मातीला पात्र नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. मुसलमान माणसाला दफन नाकारणे ही काय शिक्षा आहे हे ज्याला कळते त्यालाच या निर्णयाचे वजन कळेल. वर्ष उलटून गेल्यावर, २०१० च्या जानेवारीत, सरकारने ती प्रेते गुपचूप कुठेतरी पुरली, आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते एप्रिलमध्ये जाहीर केले. जिवंत पकडलेल्या दहाव्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला फाशी झाली.

एक गोष्ट मात्र दप्तरात येणे कठीण, कारण तिचा पंचनामा होत नसतो. त्या दिवसांनंतर कुलाब्याचे रस्ते तुटले. ताजच्या भोवती लोखंडी अडथळे आले. गेटवेला जायला पिशव्या तपासून घेणे आले. हॉर्मसजी स्ट्रीटच्या तोंडाशी बंदुकधारी पोलिसांची चौकी बसली आणि ज्या गल्लीत गॅलरीतून मीठ मागत तिथे पाहुण्याला आपले नाव वहीत लिहावे लागू लागले. यातले काही आवश्यक होते, हे मला नाकारायचे नाही. पण ज्या वस्तीचे सगळे भांडवल म्हणजे एका अंगणातून दुसऱ्या अंगणात विनाकारण जाणे, तिथे प्रत्येक येण्या-जाण्याला कारण विचारले जाऊ लागले की भरणीखालून पाणी यायला सुरुवात होते. पारशी बागांतली तरुण पिढी परदेशी जाते आहे, जुन्या इराण्यांचे गल्ले इतरांच्या हाती जात आहेत, जागांचे भाव अशा ठिकाणी गेले आहेत की नवा शिंपी, नवी दाई कुलाब्यात घर घेऊ शकत नाही. ते सगळे २६ नोव्हेंबरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या रात्रीने फक्त आधी चालू असलेल्या गोष्टीला पहारा दिला.

कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे, लष्करी छावणीच्या अलीकडे, अफगाण चर्च आहे. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात कंपनीच्या फौजेचा जो संहार झाला त्याच्या स्मरणार्थ त्याची पायाभरणी १८४७ साली झाली, अर्पणविधी १८५८ साली, आणि उंच मनोरा चढला तो १८६५ साली. युद्ध संपून तेवीस वर्षे झाल्यावर. एकदा दुपारी मी आत जाऊन बसलो होतो. संगमरवरी पाट्यांवर पलटणींची आणि अधिकाऱ्यांची नावे. रांगांमधल्या लाकडी बाकांना बंदुका टेकवून ठेवण्यासाठी केलेल्या खाचा अजून शाबूत आहेत, कारण १८५७ नंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही शस्त्र घेऊन येत. मी सोडून आत कोणी नव्हते. बाहेर माळी गवत कापत होता आणि मनोऱ्यावरून घारी फिरत होत्या. ज्या युद्धासाठी हे मंदिर उभे राहिले त्याचे नाव बाहेरच्या रस्त्यावरच्या शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. पण बस थांबवताना वाहक अजून 'अफगाण चर्च' असेच ओरडतो.

त्याच संध्याकाळी मी मच्छीमार नगरात गेलो. ही वस्ती ज्या बधवार पार्कच्या सावलीत आहे तिथे एकेकाळी कुलाबा रेल्वे स्थानक होते, हे आता तिथल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे ते शेवटचे ठिकाण १९३० च्या अखेरीस बंद झाले आणि त्याचा कारभार मुंबई सेंट्रलला गेला. ओहोटी लागली होती. चिखलात कलंडलेल्या होड्यांपैकी एका होडीच्या कडेवर बसून एक वयस्कर कोळी जाळे सांधत होता. २००८ नंतर सरकारने सागरी मच्छीमारांना बोटांचे ठसे असलेली ओळखपत्रे दिली, होड्यांना रंग आणि क्रमांक ठरवून दिले, किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी उघडली. त्याचे ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यातल्या दोरीला बांधलेले होते; खाऱ्या हवेने त्यावरचा त्याचा चेहरा जवळजवळ पुसला गेला होता. पाण्यावर गेले की ते दाखवावे लागते, कधी एकाच फेरीत दोनदा.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने जाळ्यावरची नजर वर केली, माझ्या पायांतल्या बुटांकडे आणि हातातल्या वहीकडे पाहिले, आणि मी काही बोलण्याच्या आधीच विचारले:

"कोन तुमी? कुटनं आलाव?"

मी सांगू लागलो. सुईतला दोरा हातात तसाच धरून त्याने माझे सगळे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग होडीच्या कडेवर थोडा सरकून बसायला जागा केली.